पाव आटा मागे

नळ असो की व्हॉल्व्ह, पूर्ण उघडायचा आणि मग पाव आटा मागे घ्यायचा. तिच्या वडिलांनी आयुष्यभर प्लंबिंग केलं आणि आयुष्यभर हा एकच उपदेश केला. उघडा नळ ताणून ठेवला की जाम होतो, पुढच्या माणसाला कळत नाही तो उघडा आहे की बंद, आणि तो उलटा जोर लावून मोडून ठेवतो. चौथीत असताना त्यांनी तिला मोरीतला मुख्य कॉक उघडायला शिकवला तेव्हा हे तिच्या हातात असं काही बसवलं, की तोंडाने पाढे म्हणतानाही तिचा हात पाव आटा मागे घ्यायला चुकत नसे. "माणसानंही असंच असावं, थोडं मागे घेता यावं," असं वडील म्हणाले की आई आतून ओरडायची, "तुम्ही कधी घेतलंत ते सांगा!"

लहानपणापासून पाण्यातून बाहेर निघायची नाही म्हणून वडील तिला पाणकोंबडी म्हणत. ही पाणकोंबडी पुढे सात वर्षं पडद्यांच्या दुकानात कापड मोजत उभी राहिली, आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाली, मी खोल पाण्यात उतरायचं शिकणार, शिकून लोकांना खाली नेणार, तेच काम करणार. आई म्हणाली, "लोकांच्या मुली वर चढतात, आमची खाली उतरते." वडील मात्र तीन दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत फिरले.

शिकवणारे उस्ताद पन्नाशी ओलांडलेले, एका कानाने बहिरे, त्यामुळे खासगी गोष्टसुद्धा धक्क्यावर ऐकू जाईल अशा आवाजात बोलणारे. त्यांच्याकडे चार महिन्यांचा वर्ग होता. त्यातून पार पडणाऱ्याला प्रमाणपत्र मिळे, आणि ते हातात असलं की दुसऱ्याचा जीव घेऊन पाण्यात उतरता येई. 'जीव घेऊन' हे शब्द उस्तादांचेच. त्यातली गंमत त्यांना कळत नसे आणि सांगायची कोणाची छाती नव्हती.

त्यांचा एक रिवाज होता. उतरण्यापूर्वी प्रत्येकाची तपासणी त्याच्या जोडीदाराने करायची. जॅकेट, वजनाचा पट्टा, बकलं, आणि शेवटी पाठीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह पाहिला की मोठ्याने म्हणायचं, "उघडा, पूर्ण!" आणि मग तेलकट खडूने त्या टाकीवर आपली खूण काढायची. म्हणजे कोणाचा श्वास कोणाच्या जबाबदारीवर आहे ते लांबूनही दिसे. तिची खूण होती तीन रेघांचा कोंबडीचा पाय. पहिल्या आठवड्यात उस्तादांनी तिला दोनदा झापलं होतं, "पाव आटा मागे का घेतलास? नळ आहे का हा? पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. अधलंमधलं माझ्याकडे चालत नाही." ती हो म्हणाली. डोक्याने हो म्हटलं. जित्याची खोड डोक्यात थोडीच असते?

तिचे जोडीदार होते मास्तर. चाळिशीचे, शाळेत भूगोल शिकवायचे. पंधरा वर्षं नकाशावर समुद्र दाखवला, आता एकदा आतून बघतो म्हणून वर्षभराची बिनपगारी रजा टाकून आलेले. पोहायला बेताचे, पण चिकाटीचे. आणि तिच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्यांना गणित येत होतं. किती खोलीवर हवा किती वेळ पुरते याचे तक्ते बघून हिच्या पाचावर धारण बसायची. मास्तर रोज दुपारी गोदामाच्या पायरीवर बसून बिस्किटं मांडून तिला समजावत. "हे बघ पोरी, खाली गेलं की हवा दाट होते. वर एका श्वासाला एक बिस्किट लागतं, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. म्हणून खाली टाकी लवकर रिकामी होते." मग ती बिस्किटं दोघं खाऊन टाकत. लेखी परीक्षेत ती वर्गात दुसरी आली, ती मास्तरांच्या बिस्किटांवर.

पाण्यातल्या शेवटच्या परीक्षेला दहा दिवस उरले असताना अठ्ठावीस मीटरवरची डाइव्ह होती. तळाशी टाकलेलं लोखंडी वजन दोरीने गोल गोल फिरून शोधायचं. समुद्र खवळलेला, होडी हिंदकळत होती. एरवी ती मास्तरांच्या मागे उभी राहून व्हॉल्व्ह तपासायची. त्या दिवशी मास्तर बाकावर कठड्याला पाठ टेकून बसले होते, मागे जायला जागाच नव्हती. ती समोरूनच त्यांच्या खांद्यावरून वाकली. मास्तर सांगत होते, की काल त्यांच्या मुलीने बादलीत मास्क घालून डोकं बुडवलं आणि 'बाबा, तळ दिसला' म्हणून जाहीर केलं. ती हसत होती. हसता हसता तिने नॉब आपल्याकडे ओढला, रोज मागून ओढायची तसाच. तो फिरला. होडीवाला सकाळीच सगळ्या टाक्या उघडून ठेवतो, आज विसरला वाटतं, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. नॉब फिरत फिरत थांबला. मग हात पाव आटा मागे आला.

"उघडा, पूर्ण!"

मास्तरांनी दोन श्वास घेतले, हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजवर दोनशेचा आकडा दिसत होता. सगळं ठीक. तिने कोंबडीचा पाय काढला आणि ते उतरले.

खाली मधोमध दोरीची रीळ धरून ती गुडघ्यांवर बसली होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मास्तर, प्रवाहाविरुद्ध पाय मारत गोल फिरत होते. उस्ताद दोघांच्या वर तरंगत होते. दुसऱ्या फेरीत दोरी सैल झाली. तिने पाहिलं तर मास्तर थांबले होते आणि गळ्यावर आडवा हात फिरवत होते. हवा नाही, याची ती खूण. ती रीळ टाकून निघाली, पण सात मीटर म्हणजे पाण्यात केवढं तरी अंतर. ती पोचायच्या आत त्यांनी तोंडातला हवेचा रेग्युलेटर थुंकून टाकला आणि ते सरळ वर सुटले. पंधरा मीटरवर उस्तादांनी त्यांच्या पायातला फिन पकडला, आपला जादा रेग्युलेटर त्यांच्या तोंडात कोंबला आणि त्यांना मिठीत धरून हळूहळू वर नेलं. उस्तादांनी पकडलं नसतं तर एवढ्या वेगात वर जाताना फुप्फुसं फाटली असती, हे वर्गातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. लेखी परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न होता तो.

होडीवर मास्तरांच्या मास्कमध्ये रक्त होतं. नाकातून आलेलं. ते सारखे माफी मागत होते, उस्तादांची, होडीवाल्याची, कठड्याचीसुद्धा. होडीवाल्याने इंजिन लावायच्या आधी रोजच्यासारखी हाक दिली, "टाक्या बंद!" आणि प्रत्येक जण आपल्या जोडीदाराच्या टाकीकडे वळला. तिनेही मास्तरांच्या टाकीचा नॉब धरला. पूर्ण उघडा व्हॉल्व्ह बंद व्हायला साडेतीन आटे लागतात. तो पाव आटा फिरला आणि टक् करून थांबला.

तिच्या हाताला आधी कळलं, मग तिला. ती तशीच टाकी धरून खाली बसली. पाव आट्यातून येणारी हवा वर पुरते, पाच मीटरवरही पुरते. अठ्ठावीस मीटरवर पाय मारणाऱ्या माणसाला एका श्वासाला जवळजवळ चार बिस्किटं लागतात. हे तिला इतकं चटकन समजलं, कारण मास्तरांनी ते फारच छान समजावलं होतं.

उस्ताद आले. त्यांनी टाकी उचलली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, गेज पाहिला, चार श्वास ओढले. "हवा आहे. यंत्र ठणठणीत आहे." मग तिच्याकडे वळून त्यांच्या त्या आवाजात विचारलं, "तू बंद केलास तेव्हा व्हॉल्व्ह कसा होता?"

सगळी होडी बघत होती. मास्तरही ओठावरचं रक्त टॉवेलने पुसत बघत होते.

"उघडा," ती म्हणाली. "पूर्ण."

रोजच्याच सुरात म्हणाली. तिला स्वतःलाच तो सूर इतका खरा वाटला, की क्षणभर वाटलं, असेलही.

उस्तादांनी लॉगबुकात एक ओळ लिहिली: कारण नसताना घाबरून वर झेपावले, या कामास योग्य नाहीत. त्या ओळीवर मास्तरांनी स्वतःच साक्षीची सही केली. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं करताना त्यांनी तक्त्यांची आपली वही तिला दिली. म्हणाले, "मला वाटलं हवा येत नाहीये. आतून असं वाटत होतं की नळी चोखतोय आणि काहीच नाही. गेजकडे बघायला हवं होतं, बघितलंच नाही मी. पंधरा वर्षं पोरांना सांगतोय, आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. आणि स्वतःची वेळ आली तर हे असं." आणि मग, "एक विचारू? त्या वेळी मी फार घाणेरडा दिसत होतो का गं?"

"नाही," ती म्हणाली. वही दोन्ही हातांनी घेतली.

पुढचे आठ दिवस ती मूग गिळून बसली. स्वतःशी वकिली मात्र जोरात चालू होती. मास्तरांना रजेनंतर शाळा आहेच, तिला काय आहे? पडदे? शिवाय कोणी मेलं तर नाही. शिवाय त्यांनी गेज बघायला हवा होता, ते तेच म्हणाले की! अशी कारणं एकीवर एक रचून ती शहाण्यासारखी झोपायला जाई. पण चोराच्या मनात चांदणं. कोणी साधं "काय गं कोंबडे?" म्हणून हाक मारली तरी ती दचकायची. टाक्या भरायच्या खोलीत मास्तरांची ती टाकी भिंतीला लावून उभी होती आणि तिच्यावरचा कोंबडीचा पाय कोणी पुसला नव्हता. ती एकदा फडकं घेऊन गेली. पुसायला हात उचलेना, तशीच परत आली.

घरी वडील परीक्षेची तिच्यापेक्षा जास्त तयारी करत होते. जेवताना त्यांनी विचारलं, "त्या टाकीला पण व्हॉल्व्ह असतो म्हणे. मग? पाव आटा मागे घेतेस ना?" कौतुकाने हसत होते. तिने ताटातला भात नुसता कालवला. त्यांना काय सांगणार? त्यांनी चांगलंच शिकवलं होतं. मोरीत कोणी अठ्ठावीस मीटर खाली जात नाही, एवढंच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तरांची बायको केंद्रावर आली, मास्तरांचा पोशाख परत करायला. धुऊन, घडी घालून आणला होता. ते का आले नाहीत, असं तिने विचारलं. विचारायला नको होतं.

"त्यांना इकडे यायची लाज वाटते," बाई म्हणाल्या. "तसे बरे आहेत. पण मुलीला रविवारी पोहायला न्यायचे, ते बंद केलंय. म्हणतात, पाण्यात माझ्या भरवशावर कोणी राहू नका, वेळ आली की मी पळून जाणारा माणूस आहे. आता मुलीला हे काय सांगायचं, सांग बरं. तुझं मात्र फार नाव काढतात हं. म्हणतात, उस्तादांनी पकडलं खरं, पण हातातलं टाकून आधी माझ्याकडे निघाली ती तीच."

संध्याकाळी ती मास्तरांच्या घरी गेली. दुसरा मजला, दारात मुलीची चिखलाची चप्पल. मास्तर इस्त्री करत होते. रजा मोडून सोमवारपासून शाळेत जाणार होते, खुर्चीच्या पाठीवर चार शर्ट तयार लटकत होते. कपाटावर पृथ्वीचा गोल होता आणि गोलावर मुलीने आपली टोपी घातली होती. "अरे वा! ये ये. उद्या परीक्षा ना? काही अडलंय का? वही आण इकडे," मास्तर म्हणाले आणि पाचव्या शर्टाची कॉलर दाबायला लागले.

तिने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "मास्तर, तुमचा व्हॉल्व्ह बंद होता. पाव आटा उघडा होता फक्त. मी समोरून फिरवला, उलटा फिरवला. होडीवर बंद करताना मला कळलं. उस्तादांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं."

मास्तरांनी इस्त्री उभी करून ठेवली. बटण बंद केलं. वायर गुंडाळली. ते आता तोंडात मारतील तर बरं, असं तिला वाटलं.

"म्हणजे हवा येत नव्हती?"

"नव्हती."

"खरंच येत नव्हती?"

"खरंच नव्हती, मास्तर."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. बायको आतून धावत आली. तिचा हात पकडून ते म्हणाले, "अगं, ऐकलंस का? हवा खरंच येत नव्हती. मी उगाच नाही पळालो. हवाच येत नव्हती!" मुलगी दारात येऊन उभी राहिली, तर तिलाही तेच सांगितलं. एखाद्याला बक्षीस लागावं असा तो आवाज होता. कोणी हिला बोललं नाही, शिवी दिली नाही, ये म्हटलं नाही की जा म्हटलं नाही. ती तिथे चार शर्टांच्या शेजारी उभी राहिली, आणि आपण या माणसाकडून काय काढून घेतलं होतं ते तिला पहिल्यांदा नीट दिसलं. नुसतं प्रमाणपत्र नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी तिने उस्तादांना सांगितलं. बंद खोलीत सांगितलं, पण उस्तादांचं उत्तर सगळ्या धक्क्याने ऐकलं. "व्हॉल्व्ह उलटा फिरवणारे मी छप्पन्न पाहिलेत. मी स्वतः फिरवलाय! बंद टाकीचं मला भय नाही. तोंडाने 'उघडा' म्हणतात आणि ते खरं धरून मी माणसं खाली नेतो. ते खोटं निघालं तर मी कोणाला खाली नेऊ? सांग ना!" लॉगबुकातली ओळ त्यांनी सगळ्यांसमोर खोडली आणि खाली खरी ओळ लिहिली, तिच्या नावासकट, तिच्याकडून वाचून घेऊन. परीक्षेला बसायचं नाही. पुढच्या वर्गात पहिल्या दिवसापासून सुरुवात, आणि तोवर टाक्या भरणं आणि पोशाख धुणं. घरी वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

मास्तरांची अठ्ठावीस मीटरची डाइव्ह शाळेच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा ठरली. त्या सकाळी ती खालमानेने टाक्या होडीवर चढवत होती, तेव्हा उस्तादांनी सांगितलं, "पाण्यात मी उतरेन त्यांच्याबरोबर. तपासणी तू करायचीस." ती टाकी धरून धक्क्यावरच थांबली. मास्तरच म्हणाले, "अगं ये की. माणसाच्या हातून चूक होतेच. सांगायला छाती लागते. मी केव्हाच विसरलो बघ." आणि ते खरं बोलत होते. त्यांच्या डोळ्यांत राग शोधूनही सापडला नसता, तिने शोधला होता.

समुद्र शांत होता. ती मास्तरांच्या मागे उभी राहिली. जॅकेट, पट्टा, बकलं. नॉब आपल्याकडे ओढला, तो हलला नाही. पुन्हा ओढला, नाहीच हलला. हात मागे यायला निघाला होता. तिने दुसऱ्या हाताने तो धरला आणि नॉबवरून उचलून घेतला. "उघडा, पूर्ण," ती म्हणाली. कोंबडीचा पाय काढला. रेघा वाकड्या आल्या.

ते खाली होते ती एकवीस मिनिटं ती कठड्याला धरून बुडबुडे बघत राहिली. मग मास्तर वर आले, मास्क कपाळावर सरकवून पोरासारखे ओरडले, "वजन सापडलं! दुसऱ्याच फेरीत!" होडीवाल्याने टाळ्या वाजवल्या. उस्तादांनी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की ते पुन्हा पाण्यात पडता पडता राहिले. ते बाकावर बसले, तिच्याकडे वळून हसले, म्हणाले, "तळ दिसला बघ," आणि टॉवेलने तोंड पुसू लागले.

"टाक्या बंद!" होडीवाला ओरडला.

ती त्यांच्या मागे गेली, नॉब धरला आणि फिरवायला लागली. मनातल्या मनात मोजत होती. एक. दोन. इंजिन अजून लागलं नव्हतं, त्यामुळे तिला ऐकू आलं. पाठमोरे मास्तर टॉवेल तोंडावर तसाच धरून, अगदी हळू, तिच्याबरोबर मोजत होते. "तीन... साडेतीन."